सीताफळ, एक नग

संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "काका, नोकरीतल्या गमती लिहा. पाइपलाइनवर कुणी लिहीत नाही." आता जी वस्तू पुरूनच टाकायची असते तिच्यावर कोण कशाला लिहील? पण गमती माझ्याकडं पोतंभर आहेत. अडचण एवढीच, की त्यातली सगळ्यात झकास गंमत सांगायला लागलो की तिच्या मागोमाग दुसरी गोष्ट येते. दोन्ही एकाच बांधावरच्या. आजवर चारचौघांत मी पहिली सांगून हशा मिळवला आणि दुसरी गिळली. निवृत्त होऊन आता दोन दिवाळ्या झाल्या. या वेळी दोन्ही लिहितो.

आधी आमचा धंदा काय तो सांगतो, कारण माझ्या मेव्हणीला अजून वाटतं की मी सिलिंडरच्या एजन्सीत होतो. नैसर्गिक गॅस लांबून मोठ्या वाहिनीतून येतो. त्या वाहिनीला फांद्या काढायच्या, एक कारखान्यांकडं, एक शहरातल्या स्वयंपाकघरांकडं. नवी फांदी काढायची म्हणजे इंजिनिअर आधी नकाशावर एक लाल रेघ मारतो. रेघ मारायला त्याला अर्धा तास पुरतो. मग ती रेघ ज्याच्या ज्याच्या अंगावरून जाते त्याच्याकडं जाऊन, चहा पिऊन, समजूत काढून सही आणणारा माणूस लागतो. तो मी. रस्ता आडवा आला की रस्तेवाल्यांची परवानगी, कालवा आला की पाटबंधारे, रूळ आले की रेल्वे, आणि शहरात शिरलं की महापालिका. त्यातच मधे शहराचं नाव बदललं. माझ्या अर्ध्या नकाशांवर औरंगाबाद आणि अर्ध्यांवर छत्रपती संभाजीनगर. दोन्ही गठ्ठे एकाच पिशवीत घालून मी हिंडायचो.

माणसंही एकेक भेटायची. गुलमंडीतल्या एका कापडवाल्या शेठजींनी मला अगदी काळजीनं विचारलं होतं, "क्या साब, सब के घर एकीच पाइप जाती बोलते, तो बाजूवाले के मच्छी की बास हमारे चूल्हे में आती क्या?" मी त्यांना वाल्व्ह कसा असतो ते कागदावर काढून दाखवलं. त्यांनी कागद घडी घालून गल्ल्यात ठेवला आणि म्हणाले, "आप बोले तो ठीक है."

आप बोले तो ठीक है. हीच माझी पुंजी. मी बोललो की लोकांना पटायचं.

शेतात तर जास्तच बोलावं लागायचं, कारण शेतकऱ्याला वाटायचं जमीन गेली. तसं नसतं. पाइपसाठी जमीन विकत घेत नाहीत, फक्त एका पट्ट्याच्या वापराचा हक्क घेतात. चर खणायची, पाइप टाकायचा, माती परत लोटायची. पुढच्या हंगामाला त्यावर ज्वारी पेरा नाहीतर बाजरी. मात्र त्या पट्ट्यात पुन्हा घर बांधायचं नाही, विहीर खणायची नाही आणि झाड लावायचं नाही, कारण मुळं पाइपाला धरतात. मी हे सगळं एका वाक्यात सांगायचो, "जमीन तुमचीच राहते, खालून फक्त पाइप जातो." झाडाचं वगैरे नंतर, सही झाल्यावर, चालता चालता सांगायचो. खोटं कधी बोललो नाही. पण कुठलं खरं आधी सांगायचं आणि कुठलं मागून, हे मला बरोबर कळायचं.

एक नियम मात्र मी स्वतःहून पाळायचो. देव आणि मेलेलं माणूस आडवं आलं तर वाद घालायचा नाही, रेघ वळवायची. पंचनाम्याच्या कागदावर त्याचा रकानाच असायचा. देऊळ, कबर, समाधी. तिथं काही निघालं की मी इंजिनिअरच्या हातापाया पडून रेघेला वळसा द्यायचो. ऑफिसात मला 'वळसेपाटील' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

आता बांधावरची गंमत. वाळूजच्या पुढं, गंगापूरच्या अंगाला एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं आमची रेघ अप्पांच्या शेतातून जात होती. अप्पा म्हणजे तरतरीत माणूस, धोतर पांढरंशुभ्र, आणि रस्त्याकडेच्या तुकड्यावर पुढंमागं हॉटेल टाकायचा त्यांचा बेत. आम्ही खुंट्या ठोकून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी पंचनाम्याला आलो तर खुंट्यांच्या बरोबर मधे एक धोंडा, त्याला शेंदूर, पुढं फुटलेला नारळ आणि उदबत्ती.

"लई जुनं ठाणं हाय सायेब," अप्पा हात जोडून म्हणाले. "म्हसोबा. आमच्या आज्याच्या बापापासून."

मी वाकून बोट लावलं. बोट नारिंगी झालं.

"अप्पा, आज्याच्या बापाच्या वेळचा शेंदूर अजून ओला कसा?"

अप्पांनी पापणीसुद्धा हलवली नाही. "देवाचा शेंदूर कंदी वाळतो का, सायेब?"

मी आणि आमचा सर्व्हेअर पोट धरून हसलो. ही गोष्ट मी लग्नांत, सहलींत, निरोपसमारंभात सांगितली आहे आणि कधीच फुकट गेली नाही. आणि आम्ही रेघ वळवली. पंधरा-वीस फूट सरकवली की ती अप्पांच्या आणि शेजारच्या रंगनाथच्या मधल्या बांधावर येत होती. बांध रुंद होता, त्यावर पीक नव्हतं, म्हणजे कुणाचंच नुकसान नाही. सापही मेला आणि काठीही मोडली नाही, असं मी सर्व्हेअरला म्हटल्याचं आठवतं.

बांध रंगनाथच्या सातबाऱ्यात होता. त्याला बोलावलं. पन्नाशीचा, बारीक, कमी बोलणारा माणूस. त्याच्या मागं चार पावलांवर त्याची बायको उभी राहिली, कडूबाई. आमच्याकडं आधीची भावंडं जगली नाहीत की मुलीचं नाव असं ठेवतात, मरणाला ती कडू लागावी म्हणून. मी रंगनाथला माझं वाक्य ऐकवलं, नकाशा दाखवला. तो मान हलवत होता. कागदावर नाव त्याचं, म्हणून मी बोलत होतो त्याच्याशीच. एवढ्यात ती मागून म्हणाली,

"सायेब, बांधाला माझी पोरगी ठिवलीय."

ते दिवस ज्वारी हुरड्यात आल्याचे. आसपासच्या शेतात पाखरं हाकायला पोरंसोरं गोफण घेऊन उभी होती. शाळेच्या वेळेत उभी होती, आणि ते मला सकाळपासून डाचत होतं. मी शहरात वाढलेला, सुधारलेला माणूस. मी मोठ्यानं म्हणालो,

"अहो बाई, पोरगी बांधाला कशाला ठेवता? तिला शाळेत घाला! पाखरं हाकायचं वय आहे का तिचं?"

सर्व्हेअर हसला. मीही हसलो. आपण एक चांगली गोष्ट बोललो असं मला वाटलं. कडूबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती मागं सरकली. मला वाटलं, लाजली. रंगनाथ खाली मातीकडं बघत होता. अप्पा नारळाची कवड उचलून घेऊन विहिरीकडं चालते झाले. अप्पांना माहीत होतं का, हे मी त्यांना पुढं कधीच विचारलं नाही. विचारायचा मला काय अधिकार?

रंगनाथनं सही केली. पट्ट्यात काय काय आहे ते मी माझ्या हातानं लिहिलं. देऊळ, कबर, समाधी: नाही. झाडं: सीताफळ, एक नग. शेरा: आपोआप उगवलेलं.

त्यानंतर हरकती घ्यायची मुदत असते. त्या बांधाबद्दल हरकत आली नाही. पुढं पाऊस झाला, दिवाळी झाली, परवानग्या एकेक करून हातात आल्या, आणि पोकलेन त्या गावात पोचलं. त्या दिवशी मी महापालिकेत होतो, पुंडलिकनगरातला रस्ता फोडायच्या परवानगीसाठी. साहेबांच्या दाराबाहेर बाकावर बसलो असताना साइटवरच्या सुपरवायझरचा फोन आला.

"सर, एक बाई मशिनपुढं बसली. उठंना झाली. म्हनती सीताफळाला हात लावू नका."

असं होतच असतं. चर खणायच्या दिवशी कुणीतरी मशिनपुढं बसतंच, आणि बहुतेक वेळा बोलून उठतं. मी विचारलं, "काय म्हणणं आहे तिचं?"

"काय की सर. पोरगी हाय म्हनती. पोरगी तर कुठं दिसत नाय."

इतकं स्पष्ट. माझ्या कानात दुसऱ्यांदा घातलं. मी म्हणालो, "पंचनाम्यात काही नाही. एकच झाड आहे, तेही आपोआप उगवलेलं. घरच्या माणसाला बोलवा, समजूत काढा, आणि काम चालू ठेवा." तेवढ्यात आतून माझं नाव पुकारलं आणि मी फोन ठेवला. परवानगी मिळाली त्या दिवशी. मी खुशीत होतो.

दुपारी सवयीनं साइटवर गेलो. चर बांधावरून सरळ पुढं गेली होती, मशिन पार लांब पोचलं होतं. सीताफळ आडवं पडलेलं. आमच्या कामाची पद्धत अशी, की वरची काळी माती एका बाजूला आणि खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला टाकतात, म्हणजे परत भरताना काळी माती वर राहते. त्या काळ्या मातीच्या ढिगावर कडूबाई मांडी घालून बसली होती. ओंजळीत माती घ्यायची, बोटांतून सोडायची, परत घ्यायची. रडत नव्हती. रंगनाथ बाजूला उभा होता.

मी विचारलं, "काय हरवलं?"

रंगनाथनं माझ्याकडं पहिल्यांदाच सरळ बघितलं. "मनगटी हुडकती. हातात काळे मनी व्हते पोरीच्या."

तरी मला कळेना. माझं तोंड बघून त्याला ते सांगावं लागलं. बापाला ते तोंडानं सांगायला लावलं मी.

वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पहिली मुलगी. अकराव्या दिवशी गेली. दुसऱ्या दिवशी बारसं होतं, पाळणा बांधून झालेला. आमच्याकडं मोठं माणूस गेलं तर त्याला अग्नी देतात, पण इतकं तान्हं लेकरू जाळत नाहीत. घरच्याच शेतात, बांधाच्या कडेला मूठमाती देतात. आणि त्याची आई त्याला 'पुरलं' असं कधी म्हणत नाही. तिच्या तोंडात तो शब्द येत नाही. ती म्हणते, 'ठेवलं'. पेटीत लुगडं ठेवावं, शेजारणीकडं किल्ली ठेवावी, तसं.

बांधाला माझी पोरगी ठेवलीय.

मी त्याला म्हणालो, "रंगनाथ, मग तुम्ही तरी बोलायचं ना त्या दिवशी."

"तुमी हासले, सायेब," तो म्हणाला. "मंग मी काय बोलू?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

सीताफळही आपोआप उगवलेलं नव्हतं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून तिनं तिथं आधी काटे टाकले, धोंडे ठेवले, आणि मग सीताफळाची बी लावली. सीताफळच का, तर त्याला शेळी तोंड लावत नाही. उन्हाळ्यात कळशीनं पाणी घातलं. फळं धरली तेव्हा घरात कुणी खाल्ली नाहीत, पाखरांना सोडली. मी पंचनाम्याला उभा होतो तेव्हा फांदीवर वाळलेली फळं लटकलेली होती. मी ती बघितली होती आणि मनात म्हटलं होतं, बघा, कुणाचं लक्षसुद्धा नाही झाडाकडं.

मी त्या ढिगावर बसलो. माझी पँट, माझी पिशवी, दोन्ही शहरांची नावं असलेले नकाशे, सगळं तिथंच. मीही माती चाळायला लागलो. काळ्या मातीत काळा मणी शोधायचा. मातीचं प्रत्येक ढेकूळ बोटाखाली गोल लागायचं आणि दाबलं की फुटायचं. उन्हं कलेपर्यंत आम्ही तिघं चाळत होतो. एकही मणी सापडला नाही.

मी तिला म्हणालो, "ताई, माझं चुकलं. लई मोठं चुकलं."

ती म्हणाली, "आता ऱ्हाऊ द्या. माती तरी हितली हितंच टाका."

तेवढं केलं. तो ढीग मी खुणेच्या काठ्या लावून वेगळा ठेवायला लावला. पाइप खाली गेल्यावर ती माती पाटीपाटीनं त्याच जागेवर, दुसरीचा कण मिसळू न देता, मी उभं राहून परत टाकून घेतली. सुपरवायझर मला वेड लागल्यासारखं माझ्याकडं बघत होता. आज इतक्या दिवसांनीही मला धड कळत नाही की ते मी तिच्यासाठी केलं की माझ्यासाठी. जे करायचं ते पंचनाम्याच्या दिवशीच करायला हवं होतं. रेघ वीस फूट इकडची तिकडं करायला मला एक खोडरबर लागत होतं. अप्पांच्या ओल्या शेंदराला मी ते दिलं आणि तिच्या लेकराला शाळेत घाला म्हणून सांगितलं.

नोकरीची राहिलेली वर्षं मी एक पद्धत पाळली. पुरुषांशी बोलणं झालं की बायकांना वेगळं गाठायचं, आणि कबर आहे का, समाधी आहे का असं न विचारता विचारायचं, "इथं कुणाला ठेवलंय का?" पुढच्याच गावात हे विचारलं. एक म्हातारी उठली आणि मला दोन जागा दाखवून आली, एक बाभळीखाली आणि एक नुसतीच, खूण नसलेली. दोन्ही ठिकाणी रेघ वळवली. आमचा इंजिनिअर वैतागला, "काका, ही पाइपलाइन आहे की घाट?" त्याला कारण सांगितल्यावर मात्र त्यानं नंतर एकाही वळशाला नाही म्हटलं नाही.

आता पुंडलिकनगरात आमच्या घरी पाइपाचा गॅस येतो. बजाजनगरात आला, कारखान्यांत आला. बायको खुश आहे, सिलिंडर संपल्याची कटकट गेली. सकाळी मी चहा टाकतो, बटण फिरवतो, आणि निळी ज्योत लागली की कधी कधी चहा उकळून ओट्यावर येईपर्यंत तिथंच उभा राहतो. बायको ओरडते. त्या बांधाखालून गेलेली फांदी याच चुलीपर्यंत आली आहे.

कडूबाईच्या गावात गॅस गेला नाही. नुसता खालून जातो.

गेल्या माघात मी त्या गावाला जाऊन आलो. बोलावलं कुणी नव्हतं. रंगनाथ शेतात नव्हता, कडूबाई होती. तिनं चुलीवर चहा केला, शेळीच्या दुधाचा. अप्पांचं हॉटेल झालंय, चांगलं चालतंय म्हणाली. म्हसोबालाही आता पत्र्याचं छप्पर आहे, लोक नवस बोलतात. मी तिला सीताफळाचं विचारणार नव्हतो, पण तीच म्हणाली, "परत बी लावली व्हती. तुमच्या मान्सांनी उपटली. झाड चालत नाय म्हनले." नियम माझाच होता, सही झाल्यावर चालता चालता सांगायचा.

मग ती मला बांधावर घेऊन गेली. सीताफळ होतं त्याच्या जवळपासच आता आमचा पिवळा खांब उभा आहे. पाइप कुठून जातो ते कळावं म्हणून असे खांब आम्ही काम संपल्यावर रोवतो. खांबाच्या बुडाशी तिनं शेणानं सारवलं होतं. एक पणती, दोन झेंडूची फुलं, आणि काळ्या मण्यांची एवढीशी मनगटी, नवी, बाजारातून आणलेली, खांबाला बांधलेली.

"झाड नाय तर आता ह्योच," ती म्हणाली. "यावर काय लिवलंय, भाऊ? मला वाचता येत नाय. ह्यांना इचारलं तर सांगत नाय."

पाटी मराठीतच होती. मी वाचून दाखवली, "सावधान. खाली गॅसची वाहिनी आहे. इथं खोदू नये."

"खोदू नये, आसं लिवलंय?"

"हो."

तिनं पदराच्या टोकानं पाटीवरची धूळ पुसली आणि ती मला म्हणाली,

"मंग ही पाटी आदी कामून नाय लावली, भाऊ?"